तुडूम उघडण्याआधी ढीवराला विचारा



कार्तिक पौर्णिमा झाली. हलकं धान घरात आलं, भारी धानाचे कडपे अजून बांधीत पडले आहेत, ज्यांना मजूर मिळाले त्यांचे पुंजणे लागले. गावोगावी मंडई सुरू आहे. मंडईला पाहुणा आला की त्याला मासोळी खाऊ घालावी लागते, हे आमच्या भंडारा-गोंदियाकडे कोणाला सांगावं लागत नाही. म्हणून या महिन्यात मासोळीला गिऱ्हाईक आहे, भाव आहे. आणि याच महिन्यात तलावाच्या पाळीवर दुसरी एक गोष्ट ठरते. ती म्हणजे तुडूम कधी उघडायचा आणि उन्हाळी धानाला किती पाणी द्यायचं.

मी मच्छीमार नाही. धानाचा कास्तकार आहे, साकोली तालुक्यात मामा तलावाच्या खाली माझी जमीन आहे. तरी आज मासोळीवर लिहितो. या पानावर मी धानाची कीड, खताचा हप्ता, खरेदी केंद्राची रांग हेच लिहीत आलो. पण पाणी एकच आहे आणि पिकं दोन आहेत. दुसऱ्या पिकाचा हिशोब आपण कास्तकार कधी मांडत नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळी. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून हे साडेसहा हजारांच्या वर आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले. जो तलाव बांधेल त्याला खालची जमीन, असा रिवाज होता असं जुने लोक सांगतात. नवेगावबांध त्यातलाच. मालगुजारी गेली 1950 च्या कायद्यानं, तलाव सरकारकडे गेले, पण बोलीत मालगुजाराचं नाव राहिलं. सिंचनासाठी खालचे कास्तकार पाणी घेतात आणि मासोळीचा ठेका असतो ढीवरांच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे. जमीन एकाची, पाणी सरकारचं, मासोळी तिसऱ्याची. भांडण व्हायला एवढं पुरेसं आहे. तरी आमच्याकडे फार भांडणं होत नाहीत, कारण ढीवर गप्प बसतो.

आता या दिवसांत पाण्यात काय चाललंय ते पाहू.

पाऊस थांबून महिना झाला की तलावाचं पाणी निवळतं. सांडव्यावरून पडणारं पाणी बंद, नाल्याची आवक बंद, गाळ खाली बसलेला. पाळीवरून पाहिलं तर कमळाचे देठ खोलवर दिसतात. हे दिसायला चांगलं, पण जाळ्याला वाईट. निवळ पाण्यात मासोळीला जाळं दिसतं, म्हणून ढीवर लोक जाळं संध्याकाळी लावून पहाटे काढतात. वरून थंडी पडायला लागते. विदर्भात सगळ्यात कमी तापमानाचा आकडा बरेचदा गोंदियाचा असतो हे तुम्ही बातम्यांत ऐकताच. पाणी हवेसारखं लगेच गार होत नाही, पण डिसेंबर लागला की होतंच. रोहू, कतला, मिरगल या मासोळ्यांना पंचवीस ते तीस अंशाचं पाणी मानवतं. वीसच्या खाली गेलं की त्यांची भूक मंदावते, हालचाल कमी होते. जी मासोळी फिरतच नाही, ती लावलेल्या जाळ्यात येईल कशी? सकाळी ती खोलात बसून राहते. दुपारी बारा-एकच्या सुमारास ऊन लागलेल्या उथळ बाजूला जरा वर येते. गरी टाकणाऱ्यांनीही सकाळी धुक्यात कुडकुडत बसण्यापेक्षा जेवण करून दुपारी जावं, हाच हिशोब. मरळ वनस्पतीच्या गचपणात दबून असते, ती जाळ्यापेक्षा गरीलाच लागते.

म्हणजे डिसेंबर-जानेवारी हा मासोळीच्या वाढीचा काळच नाही. तो फक्त काढायचा काळ आहे, जसा उसाला थंडीत वाढ नसते तसा. खरी वाढ पुढे, फेब्रुवारीच्या शेवटी पाणी तापायला लागलं की. मार्च, एप्रिल, मे हे तीन महिने मासोळी अंगावर मांस धरते. आणि नेमकं तेव्हा तलावात पाणी नसतं.

हिशोब कागदावर मांडतो. संस्थेचे लोक ऑगस्ट-सप्टेंबरात बोटुकली सोडतात, बोटाएवढी. हजार सोडली असं धरा. खाणारे बगळे, पाणकावळे, मोठ्या मासोळ्या, पुरात सांडव्यावरून वाहून जाणारी, सगळं वजा करून डिसेंबरात पाचशे राहिली. बाहेरचं खाद्य न टाकता आमच्या तलावात तेव्हा एकेकीचं वजन दीडशे ग्रॅम भरतं. झाले पंच्याहत्तर किलो. एवढ्या लहान मासोळीला आमच्या बाजारात शंभराच्या आसपास भाव मिळतो, तोही व्यापारी तोंड वाकडं करून देतो. साडेसात हजार रुपये. आता तीच मासोळी मे अखेरपर्यंत पाण्यात राहिली तर? आणखी शंभर मरतील, चारशे राहतील, पण वजन सातशे ग्रॅम होईल. दोनशे ऐंशी किलो. मोठ्या मासोळीला एकशे ऐंशी धरा. पन्नास हजार चारशे. भाव थोडे इकडेतिकडे होतील, मरतूक जास्त होईल, पण सहापट-सातपटीचा फरक काही पुसला जात नाही. आणि त्या पाच महिन्यांत ढीवराला खत लागत नाही, फवारा लागत नाही, निंदण लागत नाही. त्याला फक्त पाणी लागतं.

आमच्या संस्थेचे एक म्हातारे सभासद आहेत. मी त्यांना काका म्हणतो, ते मला भाऊ म्हणतात. गेल्या आठवड्यात पाळीवर जाळं सुकवत होते. मी विचारलं, यंदा कसं काय काका? ते म्हणाले, "भाऊ, तुमचा धान चार महिन्याचा आन आमची मासोळी दहा महिन्याची. तुमी मंधातच पाणी सोडता. मंग अर्धी कच्ची फसल कापल्यावानी आमी ते बारीक पिल्लं काढून इकतो. न काढाव त उन्हात मरते." यात त्यांचा राग नव्हता. हवापाण्याची गोष्ट करावी तसं ते बोलत होते, आणि मला तेच जास्त लागलं.

आपल्या बाजूचा हिशोबही पाहू, कारण मी कास्तकाराच्या विरोधात लिहीत नाही. उन्हाळी धान लोक हौसेनं लावत नाहीत. खरिपात तुडतुडा आला, कापणीच्या वेळी पाऊस आला, कडपे भिजले, लोंबीला कोंब फुटले, तर माणूस कर्ज फेडायला उन्हाळीकडे पाहतो. उन्हाळी धानाला ऊन भरपूर, रोग कमी, उतारा चांगला, आणि खरेदीही होते. हे सगळं खरं आहे. हरभरा लावा म्हणणं सोपं आहे, पण रानडुकरं आणि माकडं एका रात्रीत हरभऱ्याची काय गत करतात ते ज्यांची जमीन जंगलाला लागून आहे त्यांना विचारा. कृषी विभागाच्या कार्यक्रमात स्टेजवरून "पीक बदला" म्हणणाऱ्यानं एक रात्र माचाणावर काढून दाखवावी.

पण पाण्याचा आकडा आपल्यालाही टाळता येत नाही. उन्हाळी धानाला रोवण्यापासून कापणीपर्यंत बाराशे ते पंधराशे मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे एका एकराला कमीत कमी अठ्ठेचाळीस लाख लिटर. पाटात मुरतं, फुटतं ते वेगळं. धानाच्या बांधीतल्या ओलीवर पेरलेल्या हरभऱ्याला दोन पाणी दिले तर पंधरा सेंटीमीटरात भागतं. एका एकर उन्हाळीच्या पाण्यात आठ एकर हरभरा ओलतो. लाखोरी आणि जवस तर पुष्कळदा नुसत्या ओलीवर येतात, लाखोरी उभ्या धानात शिंपडली की झालं. आमच्या तलावाखाली उन्हाळी धान लावणारे तसे मोजकेच, ज्यांची जमीन तुडुमाच्या तोंडाशी आहे ते. शेपटाच्या कास्तकाराला उन्हाळीचं पाणी कधीच पोचत नाही. मग हे पाणी "कास्तकारांचं" कसं? ते पहिल्या काही बांध्यांचं आहे. शेपटाचा कास्तकार आणि ढीवर, दोघंही कोरडेच राहतात. फरक एवढाच की शेपटाचा कास्तकार सभेत येऊन ओरडू शकतो.

तलाव पूर्ण आटत नाही, असं कोणी म्हणेल. आटत नाही, खरं आहे. मार्चमध्ये गुडघाभर पाणी राहतं. पण गुडघाभर पाणी भंडाऱ्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात काय होतं? बेचाळीस-चव्वेचाळीस अंशाच्या दिवसांत ते पाणी कोमट होतं, त्यात प्राणवायू धरत नाही, मासोळी पहाटे तोंड वर काढून गटक्या मारते आणि दोन दिवसांत पांढरं पोट वर करून तरंगते. जी वाचते ती बगळ्यांना आणि चोरांना दिसते. शिवाय पुढच्या वर्षाच्या मरळ, मागूर, वाम, झिंगे यांचं बेणं त्याच डबक्यात असतं. रोहू-कतलाचं बीज विकत मिळतं. मरळ-मागूरचं बीज आमच्या संस्थेला कोणी आणून देत नाही, ते तलावानंच ठेवायचं असतं.

इथं धानाच्या लोकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. देशी मासोळी फक्त तलावात राहत नाही, ती आपल्या बांधीतही राहते. आषाढात पहिला लोंढा आला की मरळ, मागूर आणि इतर बारीक मासोळ्या सांडव्यानं, पाटानं, नाल्यानं वर चढतात आणि बांधीच्या उथळ पाण्यात अंडी देतात. पिल्लं धानाच्या बुडख्यात वाढतात, किड्यांच्या अळ्या खातात. आश्विन-कार्तिकात बांधीचं पाणी उतरलं की परत खाली सरकतात. लहानपणी आपण धुऱ्याला पाडलेल्या वाटेत बांबूच्या कमच्यांचा सापळा लावून हीच उतरती मासोळी धरत होतो. आता सापळ्यात काही येत नाही म्हणून लोक तलावाला दोष देतात. आधी स्वतःच्या फवाऱ्याकडे पाहावं.

भारी धानावर तुडतुडा येतो तो याच उतरतीच्या काळात. दुकानदार देतो सायपरमेथ्रिन किंवा लॅम्डा, कारण स्वस्त आणि लगेच किडे पडलेले दिसतात. या गटातली औषधं मासोळीला अतिशय विषारी आहेत, थेंबाचा हिशोब पुरतो. आणि गंमत अशी की तुडतुड्यावर ती उलटी पडतात. कोळी आणि मित्रकिडे मरतात, तुडतुडा पुन्हा दुप्पट येतो. म्हणजे पैसे आपले गेले, धान आपलं गेलं, आणि खालच्या बोडीतली मासोळी फुकटात गेली. तुडतुड्यासाठी बांधीतलं पाणी तीन-चार दिवस काढून टाका ही शिफारस बरोबर आहे. पण पाणी आधी काढायचं, मग फवारायचं, आणि फवारल्यावर धुरा बंद ठेवायचा. आपल्याकडे उलटं होतं. आधी फवारा, मग दुसऱ्या दिवशी धुरा फोडून विषाचं पाणी खाली. कोणतं औषध घ्यायचं ते साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, दुकानाच्या काउंटरवर नको.

ज्यांची स्वतःची बोडी किंवा शेततळं आहे आणि त्यात मासोळी सोडली आहे, त्यांच्यासाठी एवढंच. थंडी वाढली की खाद्य कमी करा, कारण न खाल्लेलं खाद्य तळाशी सडून पाणी बिघडवतं. धुक्याच्या आणि ढगाळ दिवसांच्या सकाळी मासोळी वर येऊन तोंड काढते का ते पाहा. काढत असेल तर ताजं पाणी सोडा किंवा पंपानं तेच पाणी उडवा. अंगावर लाल चट्टे, मग जखमा दिसल्या, विशेषतः मरळीला, तर तो थंडीतला व्रणाचा रोग आहे. बुरशीमुळे येतो, भारतात 1988 पासून आहे. मेलेली मासोळी पाण्यातून काढून पुरा, दुसऱ्या बोडीत तेच जाळं नेऊ नका, चुन्याची मात्रा मत्स्य विभागाला विचारून द्या. मासोळीला उगाच जाळं मारून घायाळ करू नका, जखमेतूनच रोग शिरतो.

नद्यांचंही थोडं सांगतो, कारण सगळा दोष तलावाखालच्या कास्तकाराचा नाही. वैनगंगेवर पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण आहे, 1988 मध्ये पायाभरणी झाली. धरणाच्या वरच्या बाजूला नदी आता नदीसारखी वाहत नाही, साचून राहते. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं. पावसाळ्यात ते वाहून जातं, दिसत नाही. हिवाळ्यात पाणी थांबलं की हिरवी साय आणि जलपर्णी दिसायला लागते. तिथले ढीवर पिढ्यान्पिढ्या डोंगा घेऊन डोहाडोहात जाळं टाकत होते. डोह बुडाले, आता अथांग पाण्यात लहान डोंगा आणि जुनं जाळं घेऊन ते काय करतील? धरणग्रस्त म्हणून ज्याची जमीन गेली त्याची नोंद झाली. ज्याचा डोह गेला, त्याच्याकडे डोहाचा सातबारा कुठून असणार?

चुलबंदीसारख्या लहान नद्यांची तऱ्हा वेगळी. पाऊस गेला की धार बारीक होते, आणि मासोळी डोहांत गोळा होते. पुढचे सहा महिने तो डोहच तिचं घर. रेती काढणाऱ्यांनी काठ आणि पात्र खरवडून डोहांची मोडतोड केली. आणि उरलेल्या डोहात काही पोरं बॅटरी-इन्व्हर्टरचा करंट सोडतात, कोणी ब्लिचिंग टाकतात, कोणी सुरुंगाची कांडी. अर्ध्या तासात पोतंभर मासोळी, आणि त्या डोहात पुढच्या वर्षी काही नाही. महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम 1960 चा आहे, सुरुंग आणि विष टाकून मासेमारी करायला त्यात बंदी आहे. पण गावातल्या पोरांना कायद्यापेक्षा गावातल्या माणसांची भीती जास्त असते. ज्याच्या शेताला डोह लागून आहे त्या कास्तकारानं एकदा हटकलं तरी पुरे होतं. तो हटकत नाही, कारण त्याला दोन किलो मासोळी पोचती होते. हे कडू वाटेल, पण असंच आहे.

आता पुन्हा तलावाकडे. मागच्या वर्षी आमच्या गावात पाणी वाटपाची बैठक झाली. कास्तकार होते, पाटबंधाऱ्याचा माणूस होता, सरपंच होते. ढीवर संस्थेचं कोणी नव्हतं. मी विचारलं, त्यांना का नाही बोलावलं? उत्तर मिळालं, "त्यांचा सिंचनाशी काय संबंध?" संस्था दरवर्षी ठेक्याचा पैसा भरते. तलावात पाणी राहो की न राहो, भरावाच लागतो. बीज स्वतःच्या पैशानं किंवा उसनवारीनं आणते. आणि तिचा पाण्याशी संबंध नाही! 2025 च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा या गोष्टी शेतीसारख्या मिळतील असं सांगितलं गेलं. मिळोत, चांगलंच आहे. पण मग ढीवरही कास्तकारच झाला ना? एका कास्तकाराचं पीक उभं असताना दुसऱ्यानं त्याच्या बांधीचा धुरा फोडला तर आपण पोलिसात जातो. तुडूम उघडून मार्चमध्ये तलाव खाली करणं याहून वेगळं कसं, ते मला कोणी समजावून सांगावं.

माझं म्हणणं साधं आहे, आणि मी ते यंदाच्या बैठकीत मांडणार आहे. तुडुमाजवळ दगडावर रंगानं एक खूण करायची. किती फुटांवर ते संस्था आणि कास्तकार मिळून ठरवतील, माझ्या मते आमच्या तलावाला चार फूट. त्या खुणेच्या खाली पाणी गेलं की तुडूम बंद, मे अखेरपर्यंत. त्या खाली फक्त गुरांना आणि गावाला पाणी. खुणेच्या वरचं पाणी कास्तकारांचं, त्यात आधी भारी धानाचं शेवटचं पाणी, मग हरभरा-जवस-भाजीपाला शेपटापर्यंत, आणि उरलं तर उन्हाळी. उन्हाळी धानावर बंदी घाला असं मी म्हणत नाही. ज्याची विहीर आहे, बोअर आहे, त्यानं लावावं. आणि बैठकीत संस्थेची दोन माणसं, त्यातली एक बाई. मासोळी बाजारात नेऊन विकते ती बाईच, भाव तिला माहीत असतो.

यावर एक आक्षेप आत्ताच ऐकू येतो. चार फूट पाणी ठेवायचं तर मुळात तलावात पाणी पाहिजे, तलाव तर गाळानं भरले. बरोबर आहे. गाळ काढायलाच पाहिजे. पण गाळ काढणं म्हणजे पोकलेननं मधोमध खड्डा करून विटाभट्टीला मुरूम-माती पोचवणं नव्हे. तलावाला उथळ कड लागते, तिथं वनस्पती उगवते, तिथंच मासोळीची पिल्लं वाढतात. देवधान, कमळ आणि पाण्याखालची वनस्पती गेली की देशी मासोळी जाते, आणि मग शिंगाड्यालाही पाणी मानवत नाही. रिकाम्या कडेवर बेशरम पसरते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात निमगावच्या शालू कोल्हे आणि त्यांच्यासोबतच्या ढीवर बायकांनी हे काम हातानं करून दाखवलं आहे. मनीष राजणकर यांनी तलाव आणि ढीवरांचं जुनं ज्ञान यांवर पुष्कळ वर्षं काम केलं, त्यांची साथ होती. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटायची, कोरड्या तळात नांगर चालवायचा, आणि पावसाच्या तोंडावर दुसऱ्या तलावातून देशी वनस्पती आणून लावायची. रोवणाच तो. धान लावणाऱ्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही. ज्या तलावात हे केलं तिथं मासोळी वाढली आणि पक्षीही परत आले. कृषी सहायक मंडळींना विनंती आहे, फळबागेच्या सहलीला नेता तसं एकदा कास्तकारांना तिकडेही न्या.

दुसरा आक्षेप जातीचा आहे. तो तोंडावर कोणी बोलत नाही, पाठीमागे बोलतात. "ढीवराच्या मासोळीसाठी आपला धान वाळवायचा का?" वाळवायचा नाही. खरिपाच्या भारी धानाचं शेवटचं पाणी सगळ्यांत आधी, हे मी वर लिहिलंच आहे आणि संस्थेच्या लोकांनाही ते मान्य आहे. आश्विनात पाऊस दडी मारतो तेव्हा तुडूम उघडला तर कोणताच ढीवर कधी आडवा आलेला मी पाहिला नाही. उलट पाळ फुटायला आली तेव्हा रात्री मातीची पोती टाकायला तेच लोक पाण्यात उतरले होते. पाळ धानाची होती, त्यांची नव्हती, असं ते म्हणाले नाहीत.

यंदा आमच्याकडे कापणीपर्यंत पाऊस आला. धानाचं नुकसान झालं, पण तलाव काठोकाठ आहे. अशा वर्षी खूण ठरवणं सोपं जातं, कारण कोणाच्या तोंडचं काही काढून घ्यावं लागत नाही. कोरड्या वर्षी हा विषय काढला तर लोक काठ्या काढतील. म्हणून यंदाच काढायचा.

आमची बैठक मार्गशीर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. काय ठरलं ते इथंच लिहीन, न ठरलं तरी लिहीन. तोवर तुमच्या गावच्या तलावात आज तुडुमाजवळ किती फूट पाणी आहे ते काठी टाकून मोजा आणि कळवा. सोबत हेही लिहा की गेल्या मे महिन्यात तिथं किती उरलं होतं, आणि बैठकीला ढीवर संस्थेचं कोणी होतं का.